टॉवरवरची बाळंतीण

आमच्या गल्लीत एका हळदीला डीजे सुरू झाला आणि साळवेकाका गच्चीवरून ओरडले, "बंद करा ते! समोर बाळंतीण हाय!" नवरदेवाच्या मामांनी घाबरून आवाज बंद केला. कुणाच्या घरी म्हणून विचारलं, तर काकांनी रुळांपलीकडच्या विजेच्या टॉवरकडे बोट दाखवलं. टोकावरच्या घरट्यात गरुडाची मादी अंड्यांवर बसली होती. डीजे पुन्हा सुरू झाला, दुप्पट आवाजात.

मुकुंदवाडीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे हे काका कचेरीतून निवृत्त झालेले. काकू गेल्या तेव्हापासून गच्ची, खुर्ची आणि दुर्बीण. कुणी चुकून "घार दिसतीय का?" म्हणालं की संपलंच. "घार तुमच्या घरी! गरुड हाय तो. अदब से बोलो!" जय भीम घातला तर दुर्बिणीतून डोळे न काढता नुसता हात वर करतात. मी पापड वाळत घालायला जाते, तीही चवड्यांवर.

मध्यंतरी त्यांनी मला विचारलं, "ताई, डिंकाच्या लाडवाला तूप किती लागतं?"

"गरुडीण लाडू खाते का हो काका?"

"तुमाला काय करायचंय? तूप सांगा."

लाडू आला. माझी दाढ थोडक्यात वाचली. काकांनी डिंक न तळताच घातला होता.

मग एका रविवारी गच्चीवर गेले, तर काका मोबाईल दुर्बिणीला लावून व्हिडिओ कॉलवर. पलीकडे पुण्याहून त्यांची लेक, प्रज्ञा. तिला सातवा लागलाय, हे मला तेव्हाच कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण बाईमाणूस नसलेल्या घरी सुनेला कसं पाठवायचं, असं सासूबाईंचं म्हणणं.

"दिसलं का गं? आत्ता बसलाय तो नर हाय. ती गेलीय शिकारीला. अंडी बापच उबवतोय."

"दिसतंय, पप्पा."

"मग? कोन म्हनतं बाप्याला जमत नाय? लाडू बी शिकलो मी. लई भारी झाले. ताईला इचार."

"फार छान झालेत गं!" मी मागून धडधडीत खोटं ओरडले.

मग प्रज्ञा म्हणाली, "पप्पा, सासूबाईंशी मी बोलते. मी तिकडंच येते."

टॉवरवर मादी परतली, नर उठून उडाला. काकांनी ते पाहिलंच नाही. ते खुर्ची सोडून खाली फरशीवर पाय लांब करून बसले.

"ताई, न्हाऊ घालताना बाळ पायावर कसं घेत्यात? आत्ताच दाखवा मला."