पास करून द्या, दीदी

अशी लांब काहून बसलीस? ये, जवळ ये. चार महिन्यांनी तोंड दाखवतेस अन् विचारतेस, "आपल्या चेरीताल मोहल्ल्यात नवीन काय?" अगं, शेजारी अरविंदभैया असताना नवीन लागतंच कशाला!

रोज सकाळी भिंतीपलीकडून हाक येते, "दीदी, जरा पास करून द्या!" मी गॅस बंद करून जाते. भैया खमरियाच्या फॅक्टरीत माल तपासायला होते. तिथला नियम अंगात मुरला आहे: आपलं काम आपण पास करायचं नाही. रिटायर झाल्यावर त्यांनी मराठी टाइप करायचा प्रोग्राम लिहिला. कोणीही फुकट वापरा, आत डोकावा, दुरुस्ती पाठवा. पण दुरुस्ती आत घ्यायची किल्ली एकट्या भैयांकडे. अन् त्यांची स्वतःची दुरुस्ती मी पास करायची! पडद्यावर नुसत्या मुंग्यांच्या रांगा. मी चष्मा लावून म्हणते, "ही रांग जरा लांब वाटते." भैया खरंच तिचे दोन तुकडे करतात!

यंदा नागपूरच्या ऋताचा निरोप आला. तिची मंडळी शुद्धलेखन तपासायचा असाच फुकट प्रोग्राम चालवतात. "काका, दोन्ही कामं एकमेकांवर चालतात. आमची किल्ली तुम्हाला, तुमची आम्हाला. आमच्या दुरुस्त्या तुमच्याकडे महिना महिना पडून राहतात. नाही तर तुमच्या प्रोग्रामची नक्कल घेऊन आम्ही वेगळं चालवू."

भैया भडकले. "किल्ली म्हणजे काय भंडारा आहे? जो आला त्याच्यापुढे पत्तल मांडली?"

आठ दिवस धुसफुसले. शेवटी मीच विचारलं, "पोरं काम खराब करून राहिली का?"

"नाही. माझ्याहून साफ."

"मग अडलं कुठे?"

भैया खाली बघून बोलले, "किल्ली माझ्याकडे आहे म्हणून रोज निरोप येतात. 'काका, बघितलं का? काका, कधी घेता?' ही वारल्यापासून दिवसभरात मला हाक मारणारं तेवढंच आहे, दीदी."

मी म्हटलं, "अहो, पोरं वेगळी झाली तर तेही बंद होईल."

त्याच दुपारी त्यांनी किल्ली दिली. संध्याकाळपर्यंत पोरांनी अडकलेलं सगळं आत घेतलं अन् लिहिलं, "थँक्यू काका! आता तुम्ही आराम करा."

दुसऱ्या दिवशी एकही निरोप नाही. भैयांनी तुळशीला तीनदा पाणी घातलं.

म्हणून सांगते, लवकर ये पुन्हा. लॅपटॉप घेऊन ये, अन् सरळ त्यांच्याकडे जा. म्हणावं, "काका, मराठी टाइप करताना अडतंय." नसेल अडत, तरी जरा अडवून घे. येशील ना?