एक श्रोता, मुक्काम किनवट

लातूरच्या नळांना आठवड्यातून एकदा पाणी यायचं, त्या उन्हाळ्यात आमच्या खोल्यांच्या लाईनीत रोज सकाळी तांब्याभर पाण्याच्या गुळण्या करणारा एकच माणूस होता. त्याही सुरात. खालच्या 'सा'पासून सुरुवात करून तो पंचमापर्यंत चढायचा, मान मागे टाकून तिथे जरा घोळायचा आणि मग सगळा पंचम लिंबाच्या बुंध्याशी ओतायचा. समोरच्या शेषाबाई रिकाम्या घागरीवर हात ठेवून ओरडायच्या, "दशरथभाऊ, गिळा की ओ त्ये पाणी!"

"गळा हाय तर वाघमारे हाय, काकू," दशरथ वाघमारे मफलर सारखा करत म्हणायचा. मफलर भर मे महिन्यातही असायचा.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. जिल्हा होणं म्हणजे भाड्याच्या खोल्यांवर लाल पाट्या लागणं आणि त्या पाट्यांची उद्घाटनं होणं. प्यायला नसलेलं पाणी उद्घाटनाच्या हारांवर शिंपडायला मात्र बरोबर मिळायचं. खुर्च्या कमी होत्या, पण त्यांवर बसायला आजूबाजूच्या जिल्ह्यांतून कारकून गोळा करून आणले होते. त्यांत नायगावचा दशरथ. बढती देऊन त्याला आमच्या टंचाई शाखेत टाकलं होतं. त्याची बायको सुमनबाई किनवटला शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. तिची बदली लातूरला व्हावी म्हणून त्याने अर्ज केला, तो 'जागा रिक्त नाही' असा शेरा घेऊन परत आला. दशरथ एवढंच म्हणाला, "मुखडा झाला, भाऊसाहेब. अंतरा बाकी हाय."

हे त्याचं सगळ्यावरचं मत होतं. अर्धा चहा प्यायला की अंतरा बाकी, साहेब अर्धा तास ओरडले तरी अंतरा बाकी.

नांदेडच्या बाजूला दशरथ भीमगीतांसाठी नावाजलेला. जयंतीच्या मंडपात गाणं रंगलं की कुणीतरी उठून नोट पुढे करतो. गायक तिथेच ओळ थांबवतो, देणाऱ्याचं नाव पुकारतो, नोट कपाळाला लावतो आणि सोडलेला सूर पुन्हा उचलतो. दशरथला हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याने कार्यालयात आवक टपालसुद्धा पुकारूनच घेतलं असतं.

एके दिवशी त्याने जाहीर केलं, की तो कॅसेट काढणार. आणि तीही प्रेमगीतांची.

"समाजासाठी लई गायलो, भाऊसाहेब. आता थोडं पर्सनल."

गाणी त्याची स्वतःची होती आणि ती टंचाई शाखेतच रचली जात होती, हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नसे. 'तुझ्या डोळ्यांची विहीर खोल, माझा दोर पडला आखूड,' असं एक त्याने मला टँकरच्या फायलीआडून ऐकवलं.

"विहीर अधिग्रहित झाली का?" मी विचारलं.

"प्रस्ताव हाय," तो गंभीरपणे म्हणाला.

जयंतीला विकायच्या म्हणून गठ्ठाभर कॅसेटी काढायच्या, वर मफलरसह फोटो छापायचा, असं ठरलं. रेकॉर्डिंग रज्जाकभाईंच्या कॅसेटच्या दुकानामागच्या खोलीत होतं. भिंतींना गाद्या लटकवलेल्या, आवाज नको म्हणून पंखा बंद. मी गंमत बघायला गेलो होतो. नुसतं इतर लोक म्हणतात म्हणून मला गाणं चांगलं वाटतं, असं होत नाही. पण दशरथने 'वाट बघून राहिलो, गाडी न्हाई आली' सुरू केलं आणि त्या भट्टीत मी घाम पुसायचा विसरलो. आवाज छातीतून नाही, त्याच्याही खालून कुठून तरी येत होता.

आणि नेमका तेव्हाच तो थांबला. डोळे मिटूनच मोठ्याने म्हणाला, "एक श्रोता, मुक्काम किनवट, यांच्याकडून एक रुपया बक्षीस. आभार!" आणि सूर उचलून पुन्हा गायला लागला.

रज्जाकभाईंनी यंत्र बंद केलं. "अरे वाघमारे! आशिकी के गाने में चंदा कायकू? हौर इधर देनेवाला कौन है? मैं तो नै दिया!"

"सवय हाय, भाई."

पण प्रत्येक गाण्यात तोच श्रोता, तेच गाव, तोच रुपया. शेवटी रज्जाकभाई वैतागले. हे पुकारणं कापल्याशिवाय आपण एकही प्रत काढणार नाही, लोक दुकानाला हसतील, असं त्यांनी बजावलं. मीही समजावलं. मला वाटलं, हा स्वतःच स्वतःला बक्षिसं देऊन घेतोय. मोठेपणाची हौस माणसाला काय करायला लावील सांगता येत नाही. पाट्यांची उद्घाटनं मी बघतच होतो.

"त्ये काढायचं न्हाई," दशरथ म्हणाला. गठ्ठा गेला, फोटो गेला, जयंतीची विक्री गेली. रेकॉर्ड झालेली ती एकच कॅसेट रुमालात गुंडाळून तो घरी आला. अंतऱ्याबद्दलही काही बोलला नाही.

मे महिन्यात वसतिगृहाला सुटी लागली आणि सुमनबाई आल्या. एका हातात पत्र्याची पेटी, दुसऱ्या हातात तेलाचा घासलेला डबा. डबा पाण्याने भरलेला.

"एवढ्या लांबून पाणी?" शेषाबाईंनी विचारलं.

"ह्यांच्या गुळण्याला," त्या म्हणाल्या. शेषाबाई डब्याला वाट करून देत बाजूला झाल्या.

संध्याकाळी दशरथने माझा टेपरेकॉर्डर मागून नेला. तो माझ्याशिवाय कुणालाच चालवता येत नसल्यामुळे बरोबर मलाही नेलं. सुमनबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. गाडी न आल्याचं गाणं सुरू झालं, रंगलं, थांबलं. "एक श्रोता, मुक्काम किनवट, यांच्याकडून एक रुपया बक्षीस. आभार!"

सुमनबाईंनी वर बघितलं नाही. सूप बाजूला ठेवलं, पदराची गाठ सोडली आणि रुपयाची एक मऊ झालेली नोट टेपरेकॉर्डरवर ठेवली.

"नाव पुकारल्यावर द्याया नको?" त्या मला म्हणाल्या. "नायगावच्या मंडपात पहिला रुपया दिला तवा लगीन बी झालं नव्हतं. बायांच्या बाजूनं मी एकटीच उठले होते. समदे हसले." मग नवऱ्याकडे वळून, "आन् हे काय ओ, एक श्रोता? नाव घ्याया लाज वाटली व्हय?"

दशरथने नोट उचलून कपाळाला लावली. ती तिथेच धरून ठेवली.

आता हा सूर उचलणार, असं मला वाटलं. कुणाचंही गाणं लागलं तरी सोबत गायची त्याची खोड होती. मग हे तर त्याचंच. पण त्याने फक्त मफलरचं टोक तोंडाशी नेलं. गळा हाय तर वाघमारे हाय. त्या संध्याकाळी खोलीतल्या वाघमारेला गळा नव्हता. टेपरेकॉर्डरमधला तेवढा गात राहिला.