येसूभाऊंची डबलसीट

येसूभाऊ सायकलवर कधी एकटे नसत, आणि त्यांच्या मागे कधी कोणी बसलेलंही नसे. रेवदंड्याहून चौलकडे निघाले की मागच्या रिकाम्या कॅरियरशी त्यांचं बोलणं सुरू. "दादा, खड्डा हाय, धरून बस." "दादा, सोडू नको हां!" चढ आला की "उतर जरा, दम लागला" म्हणून स्वतःही उतरत.

दादा म्हणजे थोरले बंधू तुकाराम. त्यांनीच मागून कॅरियर धरून, धावत धावत येसूभाऊंना सायकल शिकवली होती. आठ वर्षांपूर्वी ते कौलं भरलेल्या गलबतावर खलाशी म्हणून गेले. गलबत आलं नाही आणि खबरही आली नाही. गावाने समजायचं ते समजून घेतलं. पण त्या घरात 'गेला' हा शब्द कोणी उच्चारला नाही. वैनी रोज कुंकू लावत आणि येसूभाऊ दादाला फिरवून आणत.

माणूस मात्र कमालीचा भित्रा. आमच्या शाळेचे शिपाई, पण घंटेवर टोला देताना स्वतःच डोळे मिटत. खाकी कपड्यांची इतकी धास्ती, की पोस्टमन समोरून आला तरी सायकलवरून उतरून त्याला वाट देत. काहीही सुचवा, उत्तर ठरलेलं, "नको मास्तर, उगा कशाला!"

अशा माणसावर खटला झाला.

चौलच्या वळणावर घाटावरून नवा बदलून आलेला हवालदार उभा होता. नारळाच्या वाडीच्या कुंपणाआडून त्याला दिसलं काही नाही, ऐकू मात्र आलं, "दादा, उतर, उतर! पोलीस हाय!" तो पुढे येतो तर येसूभाऊ लटलट कापत उभे आणि कॅरियर रिकामं. सायकलवर डबलसीट नेणं तेव्हा गुन्हा होता. त्याने तो नोंदवला आणि मागचा इसम वाडीत पळाला, असं लिहून टाकलं. येसूभाऊंनी सायकल बाजूला घेऊन त्यालाही वाट दिली.

दंड भरून मोकळं व्हावं, तर हेडमास्तर म्हणाले, "गुन्हा शाबीत झाला तर मला वर कळवावं लागेल. मग नोकरीचं सांगता येत नाही." त्या पगारावर येसूभाऊ आणि वैनी, दोघांची चूल पेटत होती. लढण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आठ दिवस मी त्यांच्याकडून एकच वाक्य घोकून घेतलं, "साहेब, माझ्या मागे कोणी नव्हतं." 'माझ्या मागे'पर्यंत ठीक चालायचं, पुढे गाडी अडायची. "अहो, चौथीतली पोरं पानभर कविता म्हणतात!" मी खेकसायचो. मला वाटलं, कोर्टाची भीती. कशाचीही भीती वाटणारा माणूस, त्यात आणखी काय शोधायचं?

तारखेला आम्ही अलिबागला गेलो. "ह्यांना घेरी आली तर?" म्हणून वैनीही आल्या. पुकारा झाला. येसूभाऊ पिंजऱ्यात उभे राहिले आणि कठडा खडखडू लागला. वैनी मागच्या बाकावर पदर घट्ट धरून बसल्या होत्या.

हवालदाराने ऐकलेलं सगळं सांगितलं. मॅजिस्ट्रेटनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्हाला भाऊ आहे?"

"हाय साहेब."

"मग त्या दिवशी तो तुमच्या मागे होता की नव्हता?"

मी मनात म्हटलं, नव्हता म्हणा, सुटलात. येसूभाऊंनी ओठ हलवले. मग मान वळवून मागे वैनींकडे पाहिलं. वैनी त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"व्हता साहेब," येसूभाऊ म्हणाले. "मीच बसवला व्हता. गुन्हा कबूल हाय."

"त्याचं नाव?" कारकुनाने विचारलं.

आणि जन्मभर कुजबुजत बोललेला तो माणूस भर कोर्टात खणखणीत आवाजात म्हणाला, "तुकाराम काशिनाथ!"

बाहेर आल्यावर मी संतापून म्हटलं, "अहो, नोकरी जाईल!" (गेली नाही, पण ती हेडमास्तरांची कृपा, आमची हुशारी नव्हे.) येसूभाऊ पायरीवर मटकन बसले होते. म्हणाले, "मला लई भ्या वाटलं, मास्तर. पन वैनीच्या समोर न्हवता कसं म्हनू?"

मला माझ्या आठ दिवसांच्या मास्तरकीची लाज वाटली.

वैनींनी दंडाची पावती माझ्यापुढे धरली. "वाचा तरी, काय लिवलंय."

मी वाचलं, "तुकाराम काशिनाथ यास सायकलवर मागे बसवून नेल्याबद्दल..."

"सरकारनं लिवलंय?"

"हो. सही-शिक्क्यासकट."

वैनी येसूभाऊंच्या शेजारी पायरीवर बसल्या. पावतीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "नाव परत एकदा वाचा, मास्तर."