टॅलोवाचा त्रयस्थ सामना

"घरच्या मैदानावर जिंकून कोणी मोठं झालंय का?"

ऑरव्हिल लेडबेटरने हा सवाल चर्चच्या रविवारच्या जेवणात टाकला, तोही हातातली कोंबडीची तंगडी सेनापतीच्या तलवारीसारखी उगारून!

"आपण तिथेही जिंकत नाही," त्याची बायको नोरीन म्हणाली आणि बटाट्याचं भांडं पुढे सरकवलं.

ऑरव्हिल टॅलोवा कॉलेजचा क्रीडासंचालक. जॉर्जियातलं टॅलोवा हे गाव एवढंसं, की गावात शिरताना शिंक आली तर डोळे उघडेपर्यंत गाव मागे पडलेलं असतं. पण शनिवारी फुटबॉलचा सामना असला, की त्या गावाची जत्रा होते. तो लांबट चेंडू बगलेत मारून धावणारी आपली पोरं आणि त्यांच्यावर बैलासारखी कोसळणारी दुसऱ्यांची पोरं, हे बघायला आजारी माणसंही अंथरुणातून उठतात. त्यातून सामना ब्रॅक्स्टन कॉलेजशी असेल तर विचारूच नका! एक वर्ष तो टॅलोवात, एक वर्ष ब्रॅक्स्टनला. आणि अकरा वर्षं झाली, टॅलोवा दोन्हीकडे इमानेइतबारे हरत आलं होतं.

ऑरव्हिलने यावर खोल विचार केला. त्याचा विचार खोल गेला, की नोरीनला धडकी भरायची.

"हे बघ," तो तिला म्हणाला, "तिकडे आपण हरतो, कारण त्यांचे लोक ओरडतात. इकडे हरतो, कारण आपले लोक ओरडतात आणि पोरं बिचकतात. मग उपाय काय? कोणाचंच नाही अशा मैदानावर खेळायचं. त्रयस्थ मैदान!"

"यंदा सामना आपल्याकडे आहे ना?"

"होता!" ऑरव्हिल रुबाबात म्हणाला. "मी शहरातलं मोठं स्टेडियम ठरवून आलोय. वर छत, सरकते जिने आणि पडदा एवढा मोठा, की आपल्या पोराच्या नाकावरची पुटकुळीसुद्धा कलिंगडाएवढी दिसेल!"

मग त्याची सासू, मिस यूला, हिने काटा खाली ठेवला. लग्नाच्या वर्षापासून सामन्याच्या दिवशी तिचा खाण्यापिण्याचा तंबू मैदानाबाहेरच्या एकाच ओकच्या झाडाखाली लागत आला होता. मोहरी घालून भरलेली तिची अंडी खाल्ल्याशिवाय कोणी सामन्याला आत जात नसे.

"तिथे झाड आहे का?" तिने विचारलं.

"मिस यूला, तिथे छत आहे."

"मी झाडाचं विचारलं."

"आहेत ना. कुंड्यांमधली. प्लास्टिकची."

"माझा नवरा मला त्या ओकखाली भेटला," मिस यूला म्हणाली, "आणि त्याच ओकखाली खुर्चीत बसल्या बसल्या गेला. तेव्हाही आपण हरतच होतो, पण आपल्या घरी हरत होतो. नोरीन, तुझ्या नवऱ्याला सांग, मीठ इकडे सरकव म्हणावं."

ती ऑरव्हिलशी थेट बोललेली ही शेवटची वाक्यं. त्यानंतर जे काही सांगायचं ते नोरीनमार्फत, तो समोर बसलेला असला तरी!

बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. सोमवारी ऑरव्हिल केस कापायला गेला. न्हाव्याने डावी बाजू झकास कापली, कापड झटकलं आणि कात्री खाली ठेवली.

"झालं?" ऑरव्हिलने आरशात बघत विचारलं. उजवीकडे जंगल, डावीकडे माळरान!

"उरलेलं शहरात काप. तिथे सगळं भव्य असतं म्हणे."

तेव्हापासून ऑरव्हिल डोक्यावर टोपी घालून फिरू लागला. गावाने तर सरळ ठरवूनच टाकलं, की सामना कुठेही होवो, आपण मात्र शनिवारी ओकच्या झाडाखालीच तंबू ठोकायचे आणि रेडिओ ऐकायचा. ऑरव्हिल हसला. छोट्या माणसांना मोठं स्वप्न दिसत नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं. (हा प्रसंग तो हल्ली स्वतःच सांगतो आणि या वाक्याला थांबून आपल्याच कपाळावर हात मारतो.)

मग ब्रॅक्स्टनच्या संचालकाचा, हॉलिस क्रमचा, फोन आला. हॉलिसचं बोलणं मधासारखं गोड, आणि मधासारखंच हाताला चिकटणारं.

"ऑरव्हिलभाऊ, एक बारीकसा मुद्दा. मैदान त्रयस्थ असलं तरी एका संघाला यजमान म्हणावं लागतं. नाणं उडवायचं का?"

त्या क्षणी ऑरव्हिलच्या अंगात मोठेपणा संचारला. "नाणं कशाला? तूच हो यजमान!"

"विचार कर हं. आणि समजा, काही कारणाने ते स्टेडियम मिळालं नाही, तर सामना यजमानाच्या मैदानावर. चालेल ना?"

"मिळालं नाही? अरे, स्टेडियम आहे ते, काय बस आहे का चुकायला! घे रे, यजमान हा नुसता शब्द आहे. रंगीत जर्सी घालायची, एवढंच त्याचं काम."

पलीकडे हॉलिस बराच वेळ गप्प होता. त्याला गहिवरून आलं असेल, असं ऑरव्हिलला वाटलं. हॉलिस फोनवर हात दाबून हसत होता, हे पुढे कळलं.

सामन्याच्या दोन दिवस आधी ऑरव्हिल शहरात दाखल झाला. स्टेडियमच्या व्यवस्थापकाचा चेहरा औषध प्यायल्यासारखा होता.

"लेडबेटर साहेब, गेल्या आठवड्यात इथे ट्रकचा खेळ होता. चिखलातून उड्या मारणारे ट्रक. त्यासाठी माती आणली होती. माती काढली, वर गवत अंथरलं, पण मधला भाग जरा... बसलाय."

"बसलाय म्हणजे?"

"म्हणजे खेळता येणार नाही."

"काहीतरीच! थोडं मऊ असेल. आमची पोरं काही काचेची नाहीत," असं म्हणत ऑरव्हिल तरातरा मैदानाच्या मधोमध गेला आणि खात्री पटवायला त्याने एक जोरदार उडी मारली.

पाय गुडघ्यापर्यंत आत! दोघा माळ्यांनी बगलेत हात घालून त्याला उपटला, तेव्हा पाय आला, बूट मात्र आतच राहिला. आणि हे सगळं त्या भल्यामोठ्या पडद्यावर दिसत होतं, कारण कोणीतरी नेमका तेव्हाच कॅमेरा तपासत होतं. ऑरव्हिलचा मोजा तिथे ट्रकएवढा दिसला. अंगठ्याशी भोकासह!

त्याने हॉलिसला फोन लावला.

"अरेरे!" हॉलिस म्हणाला. "पण काळजी नको भाऊ. आपलं ठरलंच आहे. सामना यजमानाकडे. आणि यजमान कोण?"

"तुम्ही," ऑरव्हिल म्हणाला. त्याचा आवाज फुग्यातून हवा जावी तसा निघाला.

म्हणजे घरचा सामना त्याने आधी शहराला देऊन टाकला आणि आता तो शत्रूच्या अंगणात जाऊन पडला होता. कोणी मागितलेला नसताना! ऑरव्हिल एका बुटानिशी सरकत्या जिन्यावर बसला. जिन्याने त्याला वर नेलं. मग तो दुसऱ्या जिन्यावर बसला. त्याने खाली आणलं. असं बराच वेळ चाललं. एवढी प्रगती त्या दिवशी त्याची दुसरीकडे कुठेच होत नव्हती.

मग धीर करून त्याने घरी फोन केला. नोरीनने सगळं ऐकून घेतलं.

"आईला मी सांगणार नाही," ती म्हणाली. "घोळ तुझा, सासू तुझी. तू सांग."

"ती माझ्याशी बोलत नाही ना!"

"म्हणूनच म्हणते. ऐकून तरी घेईल."

हे चाललं असतानाच हॉलिसचा पुन्हा फोन आला. पण या वेळी आवाजातला मध पातळ झाला होता.

"ऑरव्हिल, एक छोटीशी अडचण आहे. आता हंगामात आमच्याकडे सामना उरला नव्हता ना, म्हणून परवा आमच्या लोकांनी मैदान उकरलं. नवं गवत लावायला. मला आत्ता कळलं."

"उकरलं? किती?"

"रताळी लावता येतील." हॉलिस खाकरला. "तुझं मैदान रिकामं आहे ना?"

"रिकामं? अरे, गाव तिथे तंबू घेऊन बसणार आहे!" ऑरव्हिल एका बुटावर नाचला. सामना घरी येत होता! मिस यूला बोलणार होती! न्हावी उजवी बाजू कापणार होता!

"पण यजमान आम्हीच हं," हॉलिस म्हणाला. "कपडे बदलायची मुख्य खोली आमची, रंगीत जर्सी आमची. तुमची पोरं पाहुण्यांच्या खोलीत."

ऑरव्हिलचा नाच थांबला. पाहुण्यांची खोली! ती त्याने स्वतः जातीने सजवली होती. पाहुण्यांना उगाच आराम नको, म्हणून तिथला पंखा भिंतीकडे तोंड करून बसवला होता. बाक असा, की एका टोकाचा माणूस उठला, की दुसऱ्या टोकाचा खाली पडे. गटाराच्या वासाबद्दल दर वर्षी तक्रार यायची आणि दर वर्षी ऑरव्हिल समाधानाने मान डोलवायचा.

स्टेडियमचा हिशेब मिटवण्यात शुक्रवार शहरातच गेला. शनिवारी सकाळी तो टॅलोवाच्या वाटेवर असताना कोचचा फोन आला.

"ऑरव्हिल, या खोलीत गरम पाण्याचा नळ कुठे आहे?"

"भिंतीत."

"भिंतीत कुठे?"

"आतच. मी बुजवला."

कोच पुढे जे बोलला ते ऑरव्हिल चर्चच्या जेवणात सांगत नाही.

टॅलोवाकडे जाणारा रस्ता एकच आणि अरुंद. त्यावर आज ब्रॅक्स्टनच्या पाठीराख्यांच्या बसची रांग लागली होती. प्रत्येक बसमधून कोणी ना कोणी त्याला ओळखून हात हलवत होतं. "धन्यवाद, लेडबेटर!" अर्ध्या वाटेत ऑरव्हिलची गाडी किटलीसारखी वाफ सोडू लागली. कशीबशी ढकलत त्याने ती एका पेट्रोल पंपावर आणली.

पंपाची मालकीण बर्नीस बाहेर उकडलेल्या शेंगा सोलत बसली होती. जवळ रेडिओ चालू होता.

"कोणाच्या बाजूची?" ऑरव्हिलने धास्तावून विचारलं.

"मी बेसबॉलवाली, बाळा. शेंगा खा."

सामना सुरू होऊन गेला होता आणि, नवल म्हणजे, बरोबरी चालली होती! गाडी निवल्यावर ऑरव्हिलने घाईघाईने पाणी भरलं आणि तो रस्त्याला लागला. फर्लांगभर गेला नसेल, तोच गाडीतला रेडिओ ओरडला. ब्रॅक्स्टनचा गडी चेंडू घेऊन रेषेपार! ऑरव्हिलने कपाळावर हात मारला, तेव्हा कळलं, की टोपी पंपावरच राहिली. अर्ध्या डोक्याने गावात कसं शिरायचं? त्याने गाडी वळवली. वळवतो तोच टॅलोवाच्या पोराने मधूनच चेंडू पळवला आणि थेट पलीकडचं टोक गाठलं!

योगायोग, असं म्हणत त्याने टोपी घातली आणि पुन्हा निघाला. टॅलोवाच्या हातून चेंडू निसटला, ब्रॅक्स्टनने झडप घातली आणि पलीकडे नेऊन टेकवलाही. ब्रॅक्स्टन पुढे! ऑरव्हिलने रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. खेळही थांबला, कोणाचा तरी पाय मुरगळला. जीव मुठीत धरून तो हळूच उलटा पंपाकडे आला. टॅलोवाने दणादण मजल मारली आणि फरक दोन गुणांवर आला.

बर्नीसने हे सगळं शेंगा सोलता सोलता पाहिलं होतं. ती उठली आणि तिने हात पुढे केला.

"बाळा, किल्ली दे इकडे."

"हे बघा बाई, मी शिकलेला माणूस आहे. गाडी इकडे हलवल्याने तिकडे..."

तेवढ्यात फोन वाजला. नोरीन होती. मागे गावाचा कल्लोळ. "कुठे आहेस तू? शेवटचा डाव चाललाय! आपण जिंकू शकतो!"

"बर्नीसच्या पंपावर. निघतोच आहे. मघाशी निघालो तर त्यांनी चेंडू पळवला, परत आलो तर आपण..." बोलता बोलता त्याची जीभ चावली गेली. पण उशीर झाला होता. फोन हिसकावल्याचा आवाज आला.

"पोरा," मिस यूला म्हणाली. थेट त्याला! कित्येक आठवड्यांनी! "आत्ता काय करतोयस?"

"गाडीत बसतोय, मिस यूला."

"उतर."

"पण अकरा वर्षांनी—"

"उतर म्हणते ना! किल्ली त्या बाईला दे. आणि हलू नकोस. खोकायचंसुद्धा नाही!"

ऑरव्हिल उतरला. किल्ली दिली. पंपाच्या खांबाला पाठ लावून तो शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा ताठ उभा राहिला. तोंडात अर्धी चावलेली शेंग होती, तीही त्याने गिळली नाही. रेडिओवरचा माणूस कुजबुजत सांगत होता, की आता टॅलोवाची फक्त एक लाथ उरली आहे. चेंडू दोन खांबांमधून गेला तर तीन गुण, नाही गेला तर बारावं वर्ष.

गेला!

आयुष्यात कधी फुटबॉल न पाहिलेल्या बर्नीसने ऑरव्हिलला अशी मिठी मारली, की गिळायची राहिलेली शेंग आपोआप उतरली.

तो गावात पोचला तेव्हा जल्लोष करून थकलेली माणसं तंबू गुंडाळत होती. नोरीनने त्याच्यासाठी एका ताटलीत मोहरीचं अंडं ठेवलं होतं. अर्धं.

पुढच्या आठवड्यात क्रीडासमितीची बैठक बसली. ऑरव्हिल कोट घालून, छाती काढून गेला. काही झालं तरी संचालक तोच होता, आणि विजय झाला होता! मिस यूला समितीत नव्हती, पण अध्यक्षांच्या शेजारी बसली होती, म्हणजे ठराव तिचाच होता. यापुढे ब्रॅक्स्टनचा आपल्याकडचा सामना आपल्याच मैदानावर होईल. कायम! ऑरव्हिलने निमूट मान हलवली.

"पण त्रयस्थ मैदानाची तुझी कल्पना वाईट नव्हती हं, पोरा," मिस यूला म्हणाली.

ऑरव्हिलचे डोळे भरून आले. "खरंच, मिस यूला?"

"खरंच. फक्त ती संघाला नको. तुला."

तेव्हापासून टॅलोवात ब्रॅक्स्टनचा सामना असला, की टॅलोवा कॉलेजचे क्रीडासंचालक सकाळी आंघोळ करून बर्नीसच्या पंपावर जाऊन बसतात. तिथून हलायची मुभा नाही. पहिल्या वर्षी ऑरव्हिलने भीत भीत एवढंच विचारून पाहिलं, की सामना ब्रॅक्स्टनला असेल त्या वर्षी तरी मी जाऊ का?

"जा की!" मिस यूला लगेच म्हणाली. "जरूर जा. फक्त त्यांच्या बाजूला बस."