इटलीत राहणारे पाटणकर

दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत घर शोधताना माणसं भाडं बघतात, बसस्टॉप बघतात, खाली मल्याळी ग्रोसरी आहे का ते बघतात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या पाटणकरांनी फक्त पत्ता बघितला. तिथल्या इमारतींच्या गटांना देशांची नावं आहेत. चायनात घर स्वस्त मिळत होतं, रशियात खिडकीतून उजेड छान येत होता. पण पाटणकर इटलीवर अडून बसले, कारण लिओनार्दो दा विंची इटलीचा. "निदान पत्त्यापुरते तरी आपण त्याच्या गावचे," असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. या माणसापासून चार हात लांब राहायचं, असं मी घरी येऊन बायकोला बजावलं. पुढे हा माणूस आठवड्यातून तीनदा आमच्याकडे जेवायला असायचा.

पाटणकर एका कन्सल्टंटकडे ड्रेनेजची ड्रॉइंग्ज काढायचे. चाळीस मजल्यांचं सांडपाणी कुठून वळणार, कुठे उतरणार, हे त्यांना तोंडपाठ. लिओनार्दोच्या चित्रांचं त्यांना फार कौतुक नव्हतं. चित्रं काय सगळेच बघतात. पाणी कसं वळतं हे त्या माणसाने तासन्‌तास बसून बघितलं, असं ते म्हणायचे, आणि आमच्या बेसिनचा नळ सोडून स्वतःही बसायचे. बोलताना ‘आमचा लिओनार्दो’. सांगलीचा आतेभाऊ असल्यासारखा.

त्याच्यासारखं डाव्या हाताने, उजवीकडून डावीकडे, आरशात बघून वाचावं लागेल असं लिहायचा त्यांनी सराव केला होता. मुळात ते उजखोरे. ‘उद्या टाकी धुणार, पाणी भरून ठेवा’ ही सूचना त्यांनी अशी उलटी लिहून लिफ्टमध्ये आरशासमोर लावली आणि अख्ख्या इमारतीने बिनपाण्याची सकाळ काढली. आमचा पेशावरचा वॉचमन गुलखान मात्र त्यांना मानायचा. उजवीकडून डावीकडे लिहितो म्हणजे शिकलेला माणूस, असा त्याचा साधा हिशेब.

एकदा आमच्याकडे पाहुणे जेवायला थांबलेले असताना त्यांनी अख्खी सुरमई ओट्यावर पसरली. शेपटीचा स्नायू कुठे जोडलेला आहे ते बघायचं होतं. स्वतः शाकाहारी. पाऊण तास चित्र काढून झाल्यावर म्हणाले, "वहिनी, आता तळा." लग्नाचं विचारलं की तेही लिओनार्दोवर ढकलायचे. त्याने केलं नाही, मग मी कशाला?

मग २००८ संपत आलं. खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन एकेक करून थांबल्या. मी बांधकाम कंपनीच्या खरेदी विभागात होतो, नळ-पाइप-टाइल्स घेणारा. जानेवारीत एचआरच्या मुलीने मला बोलावलं आणि बोलण्याआधी टिश्यूचा बॉक्स पुढे सरकवला. तो मीच घासाघीस करून घेतलेला, कागद अगदी पातळ. व्हिसा रद्द झाल्यापासून देशात राहायला तीस दिवस. आमच्या मृण्मयीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये. तीस दिवसांत नोकरी मिळाली नाही, तर पोरीने ऐन परीक्षेच्या तोंडावर सामान बांधायचं.

पाटणकरांनी माझा सीव्ही वाचला. कष्टाळू, वक्तशीर, कुणाबरोबरही जुळवून घेणारा. "कर्णिक, हे तुमचं वर्णन आहे की बैलाचं?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. लिओनार्दो तिशीत असताना त्याला मिलानच्या राज्यकर्त्याकडे काम हवं होतं. त्याने पत्र लिहिलं. मला काय काय येतं, त्याची दहा कलमं. उचलून नेता येणारे पूल बांधतो, तोफा बनवतो, असं करत दहाव्या कलमात इमारती आणि पाणी एका जागेहून दुसरीकडे नेणं. "म्हणजे आमचीच लाइन," पाटणकर छाती फुगवून म्हणाले. आणि जाता जाता, चित्रही काढतो.

"तर सांगा, काय काय येतं?"

मी एक्सेल म्हणालो. मग ड्रायव्हिंग लायसन्स. ते पाचव्या टेस्टला मिळालं हे गाळलं. तिसरं काही सुचेना. पाटणकर थोडा वेळ माझ्याकडे अवघड सायफनकडे बघावं तसे बघत राहिले, आणि वही घेऊन स्वयंपाकघरात गेले.

बायकोने सांगितलं की सप्लायर तोंडावर ओरडत असला तरी हे त्याच्यासाठी चहा मागवतात, आणि घरीही असंच करतात, भांडताच येत नाही. मृण्मयी पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली, "ही कॅन टेल अ फेक टॅप बाय द साउंड." गुलखानने सांगितलं, हा साहेब आधी सलाम करतो. जवळच्या ड्रॅगन मार्ट बाजारातल्या चिनी दुकानदाराने सांगितलं, चुकून जास्त गेलेला खोका परत आणून देणारं हे एकच गिऱ्हाईक. चार दिवस फिरून पाटणकरांनी दहा कलमं भरली.

मला ते पत्र पाठवायची लाज वाटली. तीन आठवडे मी बैलाचंच वर्णन पाठवत राहिलो. कुठूनही उत्तर नाही. शेवटी अजमानच्या एका सॅनिटरीवेअरच्या सिंधी सेठना ते दहा कलमांचं पत्र पाठवलं. त्यांनी बोलावलं, टेबलावर दोन नळ ठेवले आणि म्हणाले, "कलम नंबर तीन. बताओ." मी किल्लीने वाजवून बघितले आणि डावीकडचा नकली म्हणालो. "यल्ला, संडे से आ जाओ." तीस दिवसांतले चार शिल्लक होते.

शुक्रवारी सकाळी मी कुनाफ्याची मिठाई घेऊन वर गेलो. दार उघडंच होतं. आत खोकी बांधलेली. पाटणकरांना नोटीस माझ्याही आधी आली होती. महिनाअखेर ती संपणार होती. ऑफिसला शेवटचे जाऊन त्यांना सहा आठवडे झाले होते. रोज टाय लावून ते ड्रॅगन मार्टच्या बाकावर जाऊन बसत होते.

मला रागच आला. मग स्वतःचं पत्र का नाही लिहिलं?

त्यांनी वही उघडून दाखवली. एक: पाणी. पुढे कोरं.

"तुमचं सोपं होतं हो कर्णिक," ते म्हणाले. "तुमच्या घरात विचारायला माणसं होती."

मी त्यांना वहीसकट खाली आणलं. बायकोने सगळं ऐकून घेतलं, गॅस बारीक केला आणि मला म्हणाली, लिहा. यांनी आपल्या बाथरूमचा वास घालवला, तीन प्लंबरांना जमलं नव्हतं, ते लिहा. मृण्मयीला फिजिक्समधला दाब कळला तो यांच्यामुळे, ते लिहा. मृण्मयीने आणखी दोन इंग्रजीतून सांगितली. गुलखानला इंटरकॉमवर विचारलं, त्याने एकदम तीन. भात होईपर्यंत आम्ही तेराव्या कलमावर होतो.

पाटणकर खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसत बसले होते. बराच वेळ पुसत होते.

"वहिनी, पुरे," ते तसेच, न वळता म्हणाले. "लिओनार्दोने दहाच लिहिली होती."

"त्यांना शेजारी नसतील," बायको म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "तुम्ही लिहा हो, चौदा."