जिवंत हॉलिसची निधनवार्ता

रेडिओवर कुठलं गाणं केव्हा लावावं, हे अख्ख्या केंटकीत माझ्याइतकं कुणाला कळत नाही! सव्वीस वर्षं गावच्या केंद्रावर खुर्ची झिजवलीय मी. म्हणून माझ्या बहिणीची, रोवीनाची, नवी रेकॉर्ड आली तेव्हा तिला सांगून टाकलं, "तू घरी स्वस्थ बस. बाकी डेल्बर्टवर सोड."

रेकॉर्ड कसली, तिच्या वर्षभराच्या रडण्याचा अर्क! मार्चमध्ये आमची आई गेली आणि ऑक्टोबरात तिचा नवरा हॉलिस दाताच्या दवाखान्यातल्या एका बाईबरोबर ओहायोला पळाला. दहा गाणी, दहाही काळीज पिळवटणारी. लोकांनी तोंड फिरवलं तर गिटार विकून टाकीन आणि जन्मात गाणार नाही, असं ती म्हणाली होती. बोलते ते करते हो ती. मला तोच घोर लागला होता.

आता आमच्या केंद्रावर सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी निधनवार्ता वाचतात. आज कोण गेलं हे कळल्याशिवाय गावाच्या घशाखाली कॉफी उतरत नाही. एवढे कान एका वेळी पुन्हा कुठे मिळायचे? शेवटची निधनवार्ता संपली रे संपली, की मी सातवं गाणं लावून दिलं. नावही सांगितलं नाही. म्हटलं, सूर ऐकून लोक ओळखतील.

घोळ तिथेच झाला. सातव्यात सूर नव्हतेच! आमच्या जुन्या गाण्यांत असतं तसं ते नुसतं बोललेलं होतं, मागे बारीक ऑर्गन. रोवीना भरल्या गळ्याने सांगत होती, की माझा हॉलिस गुरुवारी गेला, त्याचा कोट अजून खुंटीवर आहे, आता त्याला आईशेजारी ठेवायचं. खरं सांगतो, मी ते आधी ऐकलंच नव्हतं. पहिल्या सहांतच रडून दमलो होतो.

नऊच्या ठोक्याला चर्चच्या महिला मंडळाच्या ओपलकाकू चीज घातलेल्या बटाट्यांचं भांडं घेऊन रोवीनाच्या दारात! मयताच्या घरी चूल पेटू द्यायची नाही, ही आमची रीत. दुपारपर्यंत चौदा भांडी आणि दोन हॅम जमले, प्रत्येक भांड्याखाली चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. रोवीनाला वाटलं, सगळ्या रेकॉर्डचं कौतुक करायला आल्यात. ती एकेकीला मिठी मारून हसत होती आणि बायका कुजबुजत होत्या, की बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय.

इकडे मला चुलतभावाचा फोन. आईशेजारी चार फूट खणून झालंय, पण खाली खडक लागलाय, हॉलिस जरा वर ठेवला तर चालेल का, असं विचारत होता.  गाडी काढून रोवीनाकडे धावलो, तर माझ्यामागून दारात हॉलिस! त्याला त्याच्या आईचा रडत फोन गेला होता. स्वतःच्या मरणाची चौकशी करायला तो ओहायोहून तडक आला होता. त्याला बघून एका बाईच्या हातातलं घेवड्याचं भांडं खाली पडलं. आणि हा पठ्ठ्या? ताटली घेऊन हॅमकडे वळला.

मग मी सगळं कबूल केलं. रोवीनाचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हणजे माझं गाणं कुणी ऐकलंच नाही," ती म्हणाली.

तिची नजर कोपऱ्यातल्या गिटारकडे गेली. 

"ऐकलं नसतं तर आलो असतो का?" ओपलकाकू म्हणाल्या. "हॉलिस मेला म्हणून कोण रडणार होतं, बाई? तुझा आवाज ऐकून रडलो. तो पळाला तेव्हा आमच्यातली एकही वाटीभर सूप घेऊन आली नाही. चुकलंच आमचं. आता बाकीची नऊ लाव."

मग त्यांनी हॉलिसच्या हातातली ताटली काढून घेतली. "हे तुझ्या मयताचं जेवण आहे. तुला चालायचं नाही."

दहाही गाणी दोनदा वाजली. चौदाजणी एप्रनला नाही तर रुमालाला डोळे पुसत, जेवत ऐकत होत्या. शेवटी रोवीनाने गिटार मांडीवर घेतली आणि अकरावं गाणं सुरू केलं. माझा जीव भांड्यात पडला!

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या मालकांनी मला आठ दहाला दुरुस्ती वाचायला लावली: "हॉलिस जिवंत आहेत." त्यानंतर दिवसभर रोवीनाला फोन येत होते. गाव तिचं सांत्वन करत होतं.