खडी केंद्राचा थांबा

लतीफभाईंच्या लक्षात कुणाचं नाव राहत नसे. माणूस कुठे चढतो आणि कुठे उतरतो, एवढंच राहायचं. आमच्या मालकांना ते ‘टीव्ही सेंटर ते क्रांती चौक’ म्हणत. मला तर पहिल्याच दिवशी वरून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, “तुम्ही सिडको ते रेल्वे स्टेशन. सकाळची गाडी. खिडकी नाय मिळाली की तोंड पाडून उभे राहायचे.”

मी चाट पडलो. हे खरं होतं, पण वीस वर्षांपूर्वीचं. तेव्हा त्या गाडीवर हेच कंडक्टर असणार. मला मात्र त्यांचा चेहरा अजिबात आठवत नव्हता.

माझ्या पुतण्याच्या लग्नात त्यांनी व्याह्यांचा हात हातात घेतला आणि विचारलं, “कुठं चढले?” व्याही गोंधळून म्हणाले, “सोयगावला.” “म्हंजे सिल्लोडपर्यंत उभं. सिल्लोडला बसायला मिळालं असंल.” व्याही स्वतःच्या मोटारीतून आले होते, पण बिचारे घाबरून “हो” म्हणाले.

आमची कंपनी लहान. शहरातली माणसं कुठून कुठे जातात याचे नकाशे करायचे, एवढंच काम. बसमधल्या तिकीट मशीनची नोंद आणि बसवर बसवलेल्या जीपीएसची नोंद रोज आमच्याकडे यायची. मी ती संगणकावर घेऊन नकाशावर लाल ठिपके उमटवायचो. जास्त माणसं चढली की ठिपका मोठा. थांब्यांची जुनी नावं कुणाला कळत नव्हती, म्हणून निवृत्त झालेल्या लतीफभाईंना मालकांनी कामावर घेतलं. ते खुर्चीवर बसत नसत. कपाटाला पाठ टेकून, पाय फाकवून दिवसभर उभे. माझा नकाशा पाहिला की त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा, “गर्दीला विचारलं का?”

एकदा मी मोठ्या कौतुकाने एक टपोरा ठिपका दाखवला. ते हसायलाच लागले. “वैद्यसाब, इथं कुत्रंबी चढत नाय! इथं सिग्नल लांब हाय. कंडक्टर मागच्या तीन थांब्यांची तिकिटं इथं निवांत काढतो. तुमच्या मशीनला वाटतंय समदं गाव सिग्नललाच चढलं.”

मी ठिपका दुरुस्त केला, पण मनात राग धरला. हे आज कबूल करतो.

मग दुष्काळाचं ते वर्ष आलं. पैठण रस्त्याच्या दोन्ही अंगांना गावाकडची माणसं येऊन राहू लागली, पत्र्याच्या वस्त्या वाढल्या. चितेगावकडे कंपन्यांत कामाला जाणाऱ्यांची गर्दी बसमध्ये मावेना. बस वेगात धावावी म्हणून ज्या थांब्यांवर कुणी चढत नाही ते बंद करायचं ठरलं आणि यादी करायचं काम माझ्याकडे आलं. त्या यादीत पहिलं नाव होतं खडी केंद्र. तिथे माझ्या नकाशावर ठिपकाच नव्हता.

“हा नक्को काढू,” लतीफभाई पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले.

“एकही तिकीट नाही तिथे.”

“तिकीट नाय. बाया हायत.”

मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि सांगितलं. खडी केंद्राजवळच्या वस्तीला पाणी नव्हतं. पुढच्या थांब्यावर एक कारखानदार सकाळी तासभर गेटबाहेरचा नळ सोडायचा. वस्तीतल्या बायका रिकामे कॅन घेऊन बसने तिथे जायच्या आणि परतीच्या बसने भरून आणायच्या. एकाच टप्प्याचा प्रवास. राठोड नावाचा तरुण कंडक्टर त्यांना तिकीट मागत नसे. त्याच्या आधीचाही मागत नसे.

“म्हणजे फुकट नेतात?”

“हौ. आणि हे तुम्ही वर बोलले तर राठोडची नोकरी गेली. घरात तान्हं लेकरू हाय त्याच्या.”

“आणि नाही बोललो तर थांबा जातो.”

“म्हणून तर तुमच्यापाशी आलो,” ते म्हणाले. “तुम्ही शिकलेले. काढा काहीतरी.”

मी काही काढलं नाही. आठवड्याने पाहतो तर खडी केंद्रावर अचानक एक टच्च ठिपका. रोज सकाळी एकाच वेळी, एकाच मशीनवर तीस तिकिटं. मला संशय आला. मी लतीफभाईंकडे पाहिलं. त्यांच्या शर्टाचा खिसा तिकिटांच्या पुडक्याने फुगला होता.

“हे काय लतीफभाई? नकाशा खोटा करताय?”

“खोटा कसा? तीस बाया रोज चढतात. मी फक्त तुमच्या मशीनला दाखवलं.”

“त्यांची तिकिटं तुम्ही काढायची नाहीत.”

“मग तुम्ही काढा!” ते कडाडले. पलीकडच्या खोलीतून मालक डोकावले, तसे लतीफभाई लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले.

मी ती तिकिटं पुसून टाकली. आमच्या कामात संशयास्पद नोंदी वगळण्याचा नियमच आहे. नियम माझ्या बाजूने होता आणि त्याच आधारावर मी त्या संध्याकाळी घरी जाऊन नीट जेवलो.

दुसऱ्या दिवशी बैठक होती. बससेवेचे अधिकारी यादीवर बोट फिरवत होते. माझ्या मागे लतीफभाई उभे. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. “खडी केंद्र?” अधिकाऱ्यांनी विचारलं. “इथे नक्की कुणी नाही?”

राठोडचं नाव न घेताही बोलता आलं असतं. “साहेब, माझा नकाशा तिकिटं मोजतो, माणसं मोजत नाही. थांब्यावर एक माणूस पाठवा, किती जण उभे असतात तेवढं मोजू द्या.” दोनच वाक्यं. पण ती बोललो असतो तर बाकीच्या यादीवरही प्रश्न आला असता आणि वर्षभराची मेहनत सगळ्यांदेखत लंगडी ठरली असती. मी म्हणालो, “नोंदीप्रमाणे कुणी नाही.”

मागचा श्वास थांबल्यासारखा वाटला. मी वळून पाहिलं नाही. त्या दिवसानंतर लतीफभाई ऑफिसला आले नाहीत. तब्येत बरी नाही असा निरोप आला.

महिन्याभराने जीपीएसच्या नोंदीत एक विचित्र गोष्ट दिसली. चितेगावची सकाळची बस खडी केंद्रापाशी, जिथे आता थांबाच नव्हता, रोज तीन-चार मिनिटं उभी राहत होती. परत येतानाही तेच. मालक म्हणाले, “ड्रायव्हर चहा पीत असणार. जाऊन बघा आणि रिपोर्ट द्या.”

गेलो. बस खच्चून भरली होती. मी मागे उभा. खडी केंद्र जवळ आलं तशी पुढून ओळखीची आरोळी आली. “अरे रोको रे! चक्कर आली! गरगरतंय!”

लतीफभाई. एक हात छातीवर, एक हात दांडीला. राठोडने अतिशय गंभीर चेहऱ्याने घंटी मारली. लतीफभाई दारातून तोल सावरत उतरले आणि त्याच दारातून कॅन खडखडवत बायका चढू लागल्या. एक ठसठशीत बाई पदर खोचत ओरडली, “चाचा, आज चक्कर लई उशिरा आली व्हय! नळ गेला म्हंजे?”

“सिग्नल लागला गे सुमन! सिग्नलला चक्कर येऊन काय फायदा?”

अख्खी बस हसली. मी गर्दीतून कसाबसा खाली उतरलो. मला बघून लतीफभाईंचं हसू मावळलं.

“रिपोर्टला आलात?”

“हो.”

“लिहा मग. म्हातारा आजारी हाय म्हणून लिहा.”

एका लिंबाखाली ते बसले. बसलेले लतीफभाई मी प्रथमच पाहत होतो. परतीची बस तासाभराने यायची. थांबा नसल्याने तिला हात दाखवायला कुणीतरी इथे थांबायला हवं, नाहीतर भरलेले कॅन घेऊन बायका थेट पुढे शहराकडे जायच्या. उन्हाने त्यांचे ओठ फुटले होते. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि बैठकीत माझ्या तोंडाशी येऊन परत गेलेली ती दोन वाक्यं त्यांना सांगितली. ते एवढंच म्हणाले, “बोलायचं होतं साब.”

दुसऱ्या दिवशी मी अधिकाऱ्यांपुढे उभा राहून बोललो. त्यांनी जे ऐकवलं ते ऐकवलं. आठवडाभर थांब्यावर उभी माणसं मोजायचा आदेश मात्र निघाला. मोजायला लतीफभाईच बसले. तिकीट कुणी काढलं, कुणी नाही, हे कुणी विचारलं नाही. पंधरा दिवसांत थांब्याचा खांब पुन्हा रोवला गेला.

ही बातमी द्यायला मी शहरातल्या छावणी भागात त्यांच्या घरी गेलो. एकच खोली. एक कॉट, एक ताट, एक पेला. बायकोला जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा दुबईला. इतकी वर्षं एकत्र काम करून मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

“आता चक्कर यायची गरज नाही,” मी आनंदाने म्हणालो. “बस आपोआप थांबेल.”

“बरं झालं,” ते म्हणाले. “लई बरं झालं.” मग उगाच पेला उचलून पुसला, जागेवर ठेवला. “सुमनच्या पोरीचा निकाल होता उद्या. मला दाखवणार म्हणली होती, झाडाखाली.” माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “ते मोजायचं काम… संपलं म्हणायचं?”

मोजणी संपली होती. रिपोर्ट गेला होता, त्यावर सही झाली होती. त्या थांब्यावर आता मोजण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

“नाही,” मी म्हणालो. “पाऊस पडेपर्यंत रोज मोजावं लागेल. तुमच्याशिवाय जमणार नाही.”

लतीफभाई उठले आणि खिळ्याला अडकवलेला शर्ट काढून उद्यासाठी इस्त्री करायला बसले.